'येऊन राहिलो' म्हणजे नक्की कुठे राहिलो?



जून-जुलै आला की माझा फोन एकाच कारणासाठी वाजतो. अमरावतीचा नाहीतर अकोल्याचा कुणीतरी पोट्टा असतो. कधी कॉलेजचा ज्युनिअर, कधी आतेभाऊ, कधी आईच्या भिशीतल्या मैत्रिणीचा मुलगा. "दादा, पुण्यात जॉब लागला, रूम पाहून दे ना." यावर्षी एका आठवड्यात असे तीन फोन आले. रूमचं मी सांगतो, एरियाचं सांगतो, मेसचं सांगतो. मग फोन ठेवायच्या आधी थोडं थांबून, आवाज खाली करून, तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं. "दादा, तिथं बोलायचं कसं? लोक हसतात म्हणे."

तर आजचा भाग या प्रश्नावर आहे. नव्या मोठ्या शहरात गेल्यावर पहिल्यांदा काय काय दिसतं हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. ट्रॅफिक, भाडं, पाऊस, मिसळ. तेही थोडं बोलू. पण वऱ्हाडातून पुण्यात आलेल्या माणसाला शहर डोळ्यांच्या आधी कानाला भेटतं, असं माझं मत आहे, आणि त्यावर कुणी नीट बोलत नाही.

माझ्याबद्दल दोन वाक्यं, नवीन ऐकणाऱ्यांसाठी. घर अकोल्याचं, कौलखेडकडं. बीटेक अमरावतीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून, 1964 सालचं कॉलेज आहे ते. 2018 ला पास झालो आणि त्याच जुलैत ट्रॅव्हल्सनं पुण्यात आलो. म्हणजे आता सात वर्षं झाली.

ट्रॅव्हल्स हा शब्द आपल्याकडं एकवचनी आहे, बरं का. "ट्रॅव्हल्स आली", "ट्रॅव्हल्स चुकली". रात्री अकोल्याला बसलो, सकाळी सहाला डोळे उघडले तर वाघोली. नगर रस्त्यानं येणाऱ्या आपल्या सगळ्या गाड्यांना पुणे पहिल्यांदा दिसतं ते असं. डाव्या-उजव्या बाजूला हार्डवेअरची दुकानं, प्लॉटिंगचे बोर्ड, आणि पहाटेपासून लागलेली ट्रकची रांग. मी शेजारच्या काकांना विचारलं, "पुणं आलं का?" ते म्हणाले, "आलं की." मग झोपून गेले. त्यानंतर वाकडला उतरायला मला आणखी दोन तास लागले. तेवढ्या वेळात अकोल्याहून अमरावतीला पोहोचतो माणूस, मधे मूर्तिजापूरला चहा घेऊन.

अंतराचा हिशोबच बदलतो इथं. अमरावतीत राजकमल चौकातून गाडगेनगरला जायचं तर कुणी वेळ विचारत नाही. बडनेऱ्याला जायचं, म्हणजे दहा किलोमीटर, तर आई डबा देते. आणि इथं लोक रोज हडपसर ते हिंजवडी करतात, वर सांगतात की आज लवकर पोहोचलो, दीड तासच लागला. पहिल्या महिन्यात मला वाटायचं हे लोक गंमत करतात.

आणि हिंजवडीची एक मजा सांगतो. मी ज्या "मोठ्या शहरात" आलो ते कागदोपत्री शहर नव्हतंच. राजीव गांधी इन्फोटेक पार्क एमआयडीसीचं, पण गाव हिंजवडी, तालुका मुळशी, कारभार ग्रामपंचायतीचा. अमरावतीत महानगरपालिका 1983 सालापासून आहे. म्हणजे मी महानगरपालिका सोडून ग्रामपंचायतीत राहायला आलो आणि घरी सगळ्यांनी पेढे वाटले! रस्त्यात पाणी साचलं की कुणाला फोन करायचा हे आमच्या सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. आता डोक्यावर मेट्रोचे खांब आहेत, माण ते शिवाजीनगर, 23 किलोमीटरची लाइन. मी आलो तेव्हा खांबही नव्हते.

शाळेच्या पुस्तकातलं पुणं, म्हणजे शनिवारवाडा, केसरीवाडा, पेठा, हे मी चार महिन्यांनी पाहिलं, तेही घरून बाबा आले म्हणून. हिंजवडीत राहणाऱ्या पोरांचं हेच होतं. ते "पुण्यात" असतात, पण पुणं त्यांना पाहुणे आल्यावर दिसतं.

आता बोलण्याकडं येऊ.

पहिल्या आठवड्यात ऑफिसच्या बसला उशीर झाला. मॅनेजरचा फोन आला. ते साताऱ्याकडचे, स्वभावानं एकदम चांगले. म्हणाले, "कुठे आहेस?" मी म्हटलं, "सर, मी येऊन राहिलो." ते म्हणाले, "येऊन राहिलास? कुठे राहिलास?" मी म्हटलं, "नाही सर, येऊन राहिलो, रस्त्यात आहे." तिकडून दोन सेकंद शांतता. त्यांना वाटलं मी कुठंतरी येऊन मुक्काम केला.

आपल्याला यात चूक काय तेच कळत नाही, कारण चूक नाहीच. "मी येऊन राहिलो" म्हणजे "मी येतोय". हिंदीतल्या "आ रहा हूँ" सारखी रचना आहे. आपल्याकडं सगळं असंच चालतं. पाऊस येऊन राहिला, लाइन जाऊन राहिली, तो मले सांगून राहिला. पुण्याच्या कानाला मात्र त्यात "राहणं" ऐकू येतं.

भाजीवाल्याकडं तर रोज एक परीक्षा. मी म्हटलं, "दादा, दहाचा सांबार द्या." त्यानं समोरच्या डोशाच्या गाडीकडं बोट दाखवलं. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हे त्याला कसं कळणार? आलू मागितले तर आलं पुढं केलं. आपलं अद्रक ते इथलं आलं, आपले आलू ते इथले बटाटे. शेवटी मी वस्तूला हात लावून "हे द्या" म्हणायला लागलो. चालतं तसंही. माझा दर्यापूरचा रूममेट मात्र हटून बसला होता. तो भाजीवाल्यालाच शिकवायचा. सहा महिन्यांनी तो माणूस त्याला पाहिल्यावर स्वतःच विचारायचा, "सांबार देऊ का?"

हे सगळं हसण्यावारी जातं, आणि जावं. पण दुसरीही एक गोष्ट होते, ती हळू होते, म्हणून लक्षात येत नाही.

आमच्या टीममध्ये तेव्हा अकरा जण होतो. विजयवाड्याचा एक, कानपूरचे दोन, एक केरळची मुलगी, बाकी महाराष्ट्रातले. विजयवाड्याचा मुलगा तेलुगू वळणाचं इंग्रजी बोलायचा. कुणी हसलं नाही. कानपूरचे "हम कर दिए हैं" म्हणायचे. त्यांनाही कुणी हसलं नाही. इंग्रजी कुणाच्याच घरची नाही आणि हिंदी सगळ्यांची कामापुरती. पण मी किंवा दर्यापूर, आम्ही कँटीनमध्ये मराठीत बोललो की शेजारच्या टेबलावरचा मराठी माणूस मागं वळून बघायचा. आणि हसायचा. वाईट हेतूनं नाही हो. "किती गोड बोलता रे तुम्ही! परत बोल ना. ते काऊन म्हण ना एकदा." कुणी म्हणायचं, "तू सेम भारत गणेशपुरेसारखा बोलतोस." 'चला हवा येऊ द्या' तेव्हा घराघरात चालायचं, त्यामुळे वऱ्हाडी म्हणजे विनोद हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गणेशपुऱ्यांचा यात दोष नाही, त्यांनी आपली बोली टीव्हीवर नेली. पण मी रिलीज का अडकली ते सांगतोय आणि समोरचा माणूस माझ्या "काऊन"ची वाट बघतोय, तर माझं काम त्याच्या कानात जाईल कसं?

"गोड" हा शब्द मला सगळ्यात जास्त टोचला. गोड लहान मुलाचं बोलणं असतं. इंजिनिअरचं म्हणणं बरोबर असतं किंवा चूक असतं, गोड कसं असेल?

अजून एक. तुम्ही वऱ्हाडातले आहात असं सांगितलं की पाचातला एक जण हमखास 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चं नाव काढतो. अरे बाबा, त्यातलं वऱ्हाड म्हणजे लग्नाची वरात-मंडळी! ते नाटक लिहिणारे आणि एकट्यानं सगळी पात्रं करणारे लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे, त्यातली बोलीही तिकडची. आपल्या वऱ्हाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. सात वर्षांत मी हे किती जणांना सांगितलं याची गणती नाही. आता मी फक्त "हो, भारी आहे ते" म्हणतो.

तर अशा वेळी आपली पोरं काय करतात? मी जे पाहिलं ते सांगतो. बरीचशी हिंदीवर जातात. दुकानात हिंदी, रिक्षात हिंदी, ऑफिसात हिंदी, अगदी समोरचा मराठी आहे हे माहीत असूनही हिंदी. नागपूर-अमरावतीकडं हिंदी तशीही जिभेवर असते, त्यात आपलं गाव लगेच उघडं पडत नाही, कुणी वळून बघत नाही. आणि मग पुण्यातली तीच माणसं तक्रार करतात की विदर्भातले लोक मराठी असून मराठी बोलत नाहीत! दोन्ही टोकं एकाच माणसाच्या हातात आहेत, पण त्याला दिसत नाहीत.

काही पोरं घासून-पुसून पुणेरी होतात. "मला", "तुला", "अगं", "बरं का" सगळं. जमतं त्यांना. तीन-चार महिन्यांत जमतं, कान चांगला असेल तर. मग दिवाळीला घरी जातात आणि तिथं दुसरा फटका बसतो. माझ्या चुलतभावानं मला जठारपेठेत चारचौघांत म्हटलं होतं, "काय बे, मले-तुले सोडलं काय? लय पुणेरी झाला." सगळे हसले. म्हणजे पुण्यात वऱ्हाडी म्हणून हसले आणि अकोल्यात पुणेरी म्हणून हसले. त्या दिवशी मी काही बोललो नाही. रात्री मात्र झोप लागायला वेळ लागला, हे खरं.

आणि काही पोरं गप्प होतात. ही मला जास्त काळजीची वाटतात. मीटिंगमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही चालू असतं, त्यात ही पोरं मान हलवतात. कोड उत्तम लिहितात. वर्षाच्या शेवटी रिव्ह्यूमध्ये लिहून येतं, "कम्युनिकेशनवर काम करायला हवं." आता हा शेरा इंग्रजीचा आहे, आत्मविश्वासाचा आहे की नुसता त्या कँटीनमधल्या हसण्याचा, हे कुणी शोधत नाही. पगारवाढीत मात्र तो मोजला जातो. म्हणून मी म्हणतो, "लोक हसतात म्हणे" हा साधा प्रश्न नाही.

इथं मला थोडं इतिहासात जायचंय. घाबरू नका, एमपीएससीचा क्लास नाही.

प्रमाण मराठी, म्हणजे पुस्तकातली, बातम्यांतली, ही आकाशातून पडलेली नाही. इंग्रजांच्या काळात, मुंबई इलाख्यात, शाळा आणि छापखाने आले तेव्हा ती ठरत गेली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश 1831 चा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 चं. आता त्या वर्षांत आपण कुठे होतो? वऱ्हाड तेव्हा हैदराबादच्या निजामाकडं होता. 1853 ला इंग्रजांच्या कारभारात आला, तरी मुंबई इलाख्यात गेला नाही. 1903 ला मध्य प्रांताला जोडला, राजधानी नागपूर. थेट 1956 पर्यंत तसंच. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीला "मोठं शहर" म्हणजे नागपूर. पुणे-मुंबईशी एका राज्यात आपण आलो त्याला अजून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत.

आमच्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्ड ज्या मीटिंगमध्ये ठरलं, त्या मीटिंगचं इन्व्हाइट आपल्याला आलंच नव्हतं. त्यात कुणाचा कट नाही. पण मग "तुमचं मराठी चुकीचं" हे वाक्य टिकत नाही. वेगळं म्हणा. आणि स्टँडर्डचा फायदा असतोच, मी नाकारत नाही. मीसुद्धा डॉक्युमेंट लिहिताना "करून राहिलो" लिहीत नाही. सगळ्यांना एकसारखं कळावं म्हणून एक ठरलेली पद्धत लागते. पण एपीआयची एक आवृत्ती ठरली म्हणून बाकीच्यांना बग म्हणायचं नसतं.

दुसरी गोष्ट याहून जुनी आहे. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर नावाचं गाव आहे. तुमच्यापैकी किती जण गेलेत? मी चार वर्षं अमरावतीत काढली आणि त्या चार वर्षांत तिथं जाणारा एकही वर्गमित्र मला भेटला नाही. महानुभाव पंथाचं ते मोठं ठिकाण. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' लिहिलं, 1278 च्या सुमारास, रिद्धपुरात. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून तो शिकवतात. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात ती महदंबा, तिचं वास्तव्यही रिद्धपूरचं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छांचा पाऊस. भाषा किती जुनी हे सांगताना पुराव्यांत रिद्धपूर येतंच. राज्य सरकारनं मराठी भाषा विद्यापीठही तिथंच काढलंय. आणि त्याच जिल्ह्यातला पोट्टा पुण्यात येऊन विचारतो, "दादा, तिथं बोलायचं कसं?"

आता लगेच कुणी म्हणू नका की लीळाचरित्राची भाषा म्हणजे वऱ्हाडी. तसं नाही. मी ते उघडून वाचायचा प्रयत्न केलाय, दोन पानांत घाम फुटला. ती आजच्या पुणेरीपासून लांब आहे आणि आजच्या वऱ्हाडीपासूनही लांब. व्हॉट्सॲपवर "वऱ्हाडी हीच खरी मराठी" असे मेसेज फिरतात, ते मला पटत नाहीत. उलट्या बाजूचा तोच आजार आहे तो. मुद्दा एवढाच की मराठी कुठून आली याच्या नकाशात आपलं गाव काठावर नाही.

आणि गाडगेबाबा. अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते. जन्म 1876 चा, शेंडगावचा. शाळेत गेलेले नाहीत. महाराष्ट्रभर कीर्तनं केली, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. कीर्तनाची भाषा वऱ्हाडी. कोल्हापूर असो की मुंबई, त्यांनी बोली बदलली नाही, आणि हजारो माणसं बसून ऐकायची. लोकांना कळत नव्हतं असं नाही. समोरच्याला प्रश्न विचारत, त्याच्याकडून उत्तर काढत ते बोलायचे, त्यामुळे एखादा शब्द अडला तरी मुद्दा सुटायचा नाही. मला वाटतं मीटिंगमध्ये बोलण्याचा यापेक्षा चांगला धडा कुठल्या कोर्समध्ये नसेल.

अलीकडचं उदाहरण पाहिजे तर वर्ध्याचे कराळे मास्तर. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये स्पर्धा परीक्षेचा इतिहास-भूगोल अस्सल आपल्या बोलीत शिकवताना त्यांचे व्हिडिओ व्हायरल झाले. पुण्याची पोरंही बघत होती. सुरुवातीला हसायला बघत असतील, पण परीक्षेला उत्तर आठवलं तेव्हा हसत नव्हती.

मग बोलायचं कसं? मी त्या तिन्ही पोरांना जे सांगितलं तेच सांगतो. ज्या शब्दानं काम अडतं तो शब्द बदला. कोथिंबीर पाहिजे तर कोथिंबीर म्हणा, त्यात कसली अस्मिता? "येतोय" म्हटल्यानं मॅनेजरला कळत असेल तर "येतोय" म्हणा. पण आवाजाची चाल, "ना भाऊ", "हाव", "काऊन", यानं काम अडत नाही, ते पुसायच्या मागं लागू नका. कुणी परत-परत "बोलून दाखव" म्हणत असेल तर एकदा हसून सांगा, "शो संपला, आता बग बघू." मी हे वाक्य खरंच वापरलंय. चालतं. आणि आपसात बोलताना हिंदीत जाऊ नका. कँटीनमध्ये दोन वऱ्हाडी माणसं हिंदीत बोलताना ऐकलं की मला त्या हसणाऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आमच्या बोलीत एक रूप आहे, ते मला प्रमाण मराठीत सापडत नाही. "-जो". "उद्या येजो." "पोहोचल्यावर सांगजो." "ये" म्हटलं की हुकूम होतो. "येशील" म्हटलं की अर्धा प्रश्न. "येजो" म्हणजे घाई नाही, पण मी वाट पाहतो. हिंदीतल्या "जाइयो"च्या जवळचं. हे सोडून द्यायचं आणि बदल्यात काय घ्यायचं, सांगा?

रूमचं पटकन सांगतो, कारण त्यासाठीच फोन येतात. करार अकरा महिन्यांचा असतो, "लीव्ह अँड लायसन्स" म्हणतात. तो नोंदणीकृत करून मागा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, त्याच्या कलम 55 नं करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ऑनलाइन होतं, घरी येऊन अंगठे घेऊन जातात. माझ्या पहिल्या घरमालकानं "कशाला खर्च, आपण घरच्यासारखे" म्हणून साध्या कागदावर सही घेतली होती. सोडताना रंगकामाचे म्हणून माझ्या 30 हजारांतले 12 हजार कापले. भिंतीला एक खिळा मी मारला नव्हता. भांडायला कागद नव्हता, घरच्यासारखेपणा तेवढा होता. आत शिरताना सगळ्या भिंतींचे, नळांचे फोटो काढा, मालकाला त्याच दिवशी पाठवा. आणि कूलर घेऊन येऊ नका! अकोल्याच्या 45 डिग्रीची सवय असलेल्या माणसाला इथला मे महिना पंख्यावर निघतो. इथले लोक 38 ला "भाजून निघालो" म्हणतात, तेव्हा आपण गप्प बसायचं.

आता घरी जाण्याचं, कारण तेही शहर बदलण्याचा भागच आहे. पहिल्या वर्षी दर दीड महिन्यानं जावंसं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी वाकडला आपल्या गाड्यांची रांग लागते, हातात लॅपटॉपच्या बॅगा घेतलेली पोरं, आणि अख्ख्या फूटपाथवर "कुठी उतरणार बे?" ऐकू येतं. पुण्यातली माझी सगळ्यात आवडती जागा ती आहे, खरं सांगतो.

पण 1 जुलै 2023 नंतर आमच्या घरी नियम बदलला. त्या रात्री समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला येणारी ट्रॅव्हल्स उलटून पेटली आणि 25 जण गेले. पुण्याला निघालेले होते. शिकायला, नोकरीला, मुलांना भेटायला. आपल्यासारखेच. त्या सकाळी पुण्यातल्या प्रत्येक वैदर्भीय पोराचा फोन वाजला असेल. माझ्या आईनं मी पुण्यातच आहे हे माहीत असून फोन केला होता, आणि मी उचलल्यावर काही बोललीच नाही. तेव्हापासून ती म्हणते, रेल्वेनं ये, कितीही वेळ लागू दे.

मग महाराष्ट्र एक्सप्रेस. गोंदिया ते कोल्हापूर, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला सगळीकडं थांबते, भुसावळ-मनमाड-दौंड करत पुण्याला येते. हळू आहे, पण माणसं भेटतात. शेगावला गाडी थांबली की कचोरी. ट्रॅव्हल्सनं जायचंच असेल तर बसल्यावर आपत्कालीन दार आणि काच फोडायचा हातोडा कुठे आहे ते आधी बघा. लाजू नका, ड्रायव्हरला विचारा. आणि दिवाळीला एरवी हजारात मिळणारी सीट साडेतीन हजारांना मिळते ही तक्रार दरवर्षीची आहे. एसटीच्या दीडपटीच्या वर खासगी गाड्यांनी घेऊ नये असा सरकारचा नियम 2018 पासून आहे. तिकिटाचा फोटो ठेवा, आरटीओकडं तक्रार करता येते.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होते, नोव्हेंबर 2024 पासून बदललं. दिवाळीला जायच्या तारखेपासून 60 दिवस मागं मोजा, त्या दिवशी सकाळी आठला खिडकी उघडेल, आणि पाच मिनिटांत वेटिंग सुरू होईल. आजच फोनमध्ये अलार्म लावून ठेवजो.